काढून टाकलेला मेलबॉक्स ॲड्रेस लिस्टमध्ये पुन्हा का उगवतो

नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं तुम्ही रीतसर काढलेलं असतं. काही आठवड्यांनी तेच नाव ग्लोबल ॲड्रेस लिस्टमध्ये (कंपनीतल्या सगळ्यांच्या पत्त्यांच्या यादीत) पुन्हा हजर होतं. पुन्हा काढलं, की थोड्या दिवसांनी तिसरंच कुठलं तरी जुनं नाव वर येतं. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा. समजा हेड ऑफिस पुण्यात आहे आणि प्लांट बुटीबोरीला. एखाद्या चालू कर्मचाऱ्याला पुण्यातून पाठवलेला मेल व्यवस्थित पोचतो, आणि बुटीबोरीहून पाठवलेला '५५० ५.१.४' असा शेरा घेऊन परत येतो. शेऱ्यात 'ॲम्बिग्युअस ॲड्रेस' लिहिलेलं असतं, म्हणजे एकाच पत्त्याचे दोन धनी सापडले. मेल सर्व्हर रीस्टार्ट केला, मेलबॉक्स डिसेबल करून पुन्हा एनेबल केला, डेटाबेस बदलला, तरी तक्रार जात नाही. गेली तरी परत येते.

हे सगळं मी मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर एक्स्चेंज आणि खात्यांची नोंदवही ॲक्टिव्ह डिरेक्टरी या जोडीबद्दल लिहितो आहे. एक्स्चेंज ५.५पर्यंत मेल सर्व्हरची स्वतःची डिरेक्टरी होती. एक्स्चेंज २०००पासून ती गेली आणि पत्ते, ग्रुप, मेलबॉक्सची माहिती हे सगळं ॲक्टिव्ह डिरेक्टरीत राहू लागलं. त्यामुळे दोन मेल सर्व्हर दोन वेगळी उत्तरं देत असतील, तर बहुतेक वेळा ते दोन वेगळ्या डोमेन कंट्रोलरना (डीसी, म्हणजे डिरेक्टरीची प्रत ठेवणारे सर्व्हर) विचारत असतात आणि त्या दोघांचं आपसांत जमलेलं नसतं. मेल सर्व्हर फक्त निरोप सांगतो. त्याच्यावर कितीही उपचार केले, तरी दुखणं तिथे नाही.

आधी दोन साधी कारणं तपासून बाजूला ठेवा

आउटलुक कॅश्ड मोडमध्ये असेल तर ते ऑफलाइन ॲड्रेस बुक वाचतं. एक्स्चेंज २०१३पासून हे बुक डीफॉल्टने दर ८ तासांनी तयार होतं आणि आउटलुक ते साधारण दिवसातून एकदा उतरवून घेतं. म्हणजे काढलेलं नाव दुसऱ्या दिवशीही दिसणं हा बिघाड नाही. ब्राउझरमधून मेल उघडून तिथे नाव शोधा. तिथे नसेल तर वाट बघा. परत आलेल्या मेलमध्ये ५.१.१ आणि 'आयएमसीईएईएक्स'ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला, तर ते प्रकरणच निराळं: मेलबॉक्स नव्याने बनवला गेला आहे आणि पाठवणाऱ्याच्या आउटलुकला जुना अंतर्गत पत्ता पाठ आहे. तो जुना पत्ता नव्या मेलबॉक्सला एक्स-५०० पत्ता म्हणून जोडला की काम झालं.

दुसरं कारण वेळापत्रकाचं. एकाच साइटमधले (एका ठिकाणच्या जलद नेटवर्कवरचे) डीसी बदल झाल्यावर १५ सेकंदांत पहिल्या जोडीदाराला कळवतात, पुढच्या प्रत्येकाला ३-३ सेकंदांच्या अंतराने. पण दोन साइटमधल्या लिंकची डीफॉल्ट वेळ १८० मिनिटांची असते, आणि वेळापत्रकात ती १५ मिनिटांच्या खाली आणता येत नाही. पुण्यात सकाळी दहाला बनवलेलं खातं प्लांटला दुपारी एकपर्यंत दिसलं नाही, तर काहीही मोडलेलं नाही. इथे नुकसान होतं ते घाईमुळे. प्लांटचा माणूस 'खातं आलंच नाही' म्हणून आपल्या डीसीवर तेच खातं पुन्हा बनवतो. दोन्ही नोंदी समोरासमोर आल्या की एकीचं नाव बदलून त्यात 'सीएनएफ' आणि मागे लांब जीयूआयडी (नोंदीचा एकमेव ओळख-क्रमांक) लागतो. पत्ता दोन्हीकडे तोच असेल, तर ५.१.४ तिथेच तयार झाला. म्हणून आधी नावात 'सीएनएफ' असलेल्या नोंदी शोधून बघा. सापडल्या तर मेलबॉक्स कुठल्या नोंदीला जोडलेला आहे ते पाहून दुसरी काढा, आणि साइट लिंकची वेळ १५ मिनिटांवर आणा. आजच्या लाइनवर १८० मिनिटं ठेवण्याचं कारण क्वचितच उरलं आहे.

हे दोन्ही नसेल तर पुढे वाचा.

एकमत होतं कसं

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत कुणी एक मुख्य सर्व्हर नसतो. लिहिता येणारा प्रत्येक डीसी बदल स्वीकारतो. प्रत्येकाकडे स्वतःचा एक वाढता क्रमांक असतो, यूएसएन. बदल झाला की तो एकाने वाढतो. हा क्रमांक त्या डीसीपुरताच. पुण्याचा ५०,००० आणि बुटीबोरीचा ५०,००० यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. जोडीदार डीसी येतो आणि विचारतो, 'तुझ्याकडून मी अमुक क्रमांकापर्यंत घेतलंय, पुढचं दे.' शिवाय तो एक तक्ताही पुढे करतो: कुठल्या डीसीवर जन्मलेले बदल त्याच्याकडे कुठवर पोचले आहेत, मग ते कुठल्याही वाटेने आलेले असोत. त्यामुळे तिसऱ्याकडून आधीच मिळालेला बदल पुन्हा पाठवावा लागत नाही आणि बदल गोल गोल फिरत बसत नाहीत.

दोघांनी एकच गोष्ट बदलली तर निवाडा घड्याळावर होतो असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. नोंदीतल्या प्रत्येक ॲट्रिब्यूटला (फोन नंबर, विभाग अशा एकेका रकान्याला) आवृत्ती क्रमांक असतो आणि मोठी आवृत्ती जिंकते. आवृत्ती सारखी असेल तर उशिराची वेळ, आणि वेळही सारखी असेल तर जीयूआयडी. निवाडा ॲट्रिब्यूटपुरता होत असल्याने पुण्यात फोन नंबर आणि प्लांटला विभागाचं नाव बदललं तर दोन्ही बदल टिकतात. डिस्ट्रिब्युशन ग्रुपच्या सदस्यांचं मात्र विंडोज २०००च्या काळात असं नव्हतं. तेव्हा सगळी सदस्ययादी हे एकच ॲट्रिब्यूट धरलं जाई आणि एकाच वेळी दोघांनी माणसं घातली की एकाची भर वाहून जाई. फॉरेस्टची (कंपनीच्या सगळ्या डिरेक्टरीची; तिच्यात एक किंवा अनेक डोमेन, म्हणजे विभाग, असतात) फंक्शनल लेव्हल विंडोज सर्व्हर २००३ला नेल्यावर प्रत्येक सदस्य स्वतंत्रपणे जाऊ लागला. पण त्याआधीपासून ग्रुपमध्ये असलेले सदस्य जुन्याच पद्धतीने नोंदलेले राहतात. फार जुन्या ग्रुपमधून नावं गळत असतील तर त्या सदस्यांना काढून पुन्हा घालावं.

आता आपल्या दुखण्याच्या मुळाशी येऊ. नवी नोंद किंवा बदललेली नोंद पाठवणं सोपं आहे. नोंद नाहीशी झाली हे कसं पाठवणार? नुसती पुसून टाकली तर पाठवायला काही उरतच नाही, आणि ज्याच्याकडे ती नोंद आहे त्याला ती गेल्याचं कधीच कळणार नाही. सातबाऱ्यावरचं नाव जसं नुसतं खोडत नाहीत, कमी करायलाही फेरफार नोंदवावा लागतो, तसं इथे काढणं हाच एक बदल म्हणून लिहिला जातो. नोंदीवर 'काढलेली' अशी खूण होते, बहुतेक ॲट्रिब्यूट झडतात, नाव बदलतं आणि ती 'डिलीटेड ऑब्जेक्ट्स'मध्ये जाते. याला टूमस्टोन म्हणतात. हा टूमस्टोन सगळ्या डीसींवर पोचतो आणि तिथली मूळ नोंद मिटवतो.

पण टूमस्टोन कायम ठेवले तर डेटाबेस फुगत जाईल. म्हणून त्यांना मुदत असते. विंडोज २०००मध्ये ती ६० दिवसांची होती. विंडोज सर्व्हर २००३ सर्व्हिस पॅक १पासून नव्याने उभारलेल्या फॉरेस्टमध्ये १८० दिवसांची झाली. जुनं फॉरेस्ट अपग्रेड करत करत आणलं असेल तर मुदत आपोआप वाढत नाही. कॉन्फिगरेशन पार्टिशनमध्ये (डिरेक्टरीच्या सेटिंग्ज ठेवणाऱ्या भागात) 'डिरेक्टरी सर्व्हिस' या नोंदीवर 'टूमस्टोन-लाइफटाइम' बघा. तिथे 'नॉट सेट' दिसलं तर तुमची मुदत ६० दिवस आहे, सर्व्हर आज कितीही नवे असोत. मुदत संपली की दर १२ तासांनी चालणारी सफाई टूमस्टोन कायमचा काढते.

एखादा डीसी या मुदतीपेक्षा जास्त दिवस बंद किंवा तुटलेला राहिला, तर त्याच्यापर्यंत फेरफार पोचतच नाही. तो परत येतो तेव्हा सांगणारे सगळे विसरलेले असतात. त्याच्याकडे ती नोंद जिवंत, बाकी कुणाकडे तिचा मागमूस नाही. ही उरलेली नोंद, लिंगरिंग ऑब्जेक्ट. २५ मार्च ते ३१ मे २०२० हे टाळेबंदीचे ६८ दिवस होतात. ज्या प्लांटचा डीसी तेवढे दिवस बंद होता आणि फॉरेस्टची मुदत ६० दिवसांची होती, तिथे हे दुखणं सुरू व्हायला बटण दाबून तो डीसी चालू करणं एवढंच पुरेसं होतं. मुदतीपेक्षा जुन्या बॅकअपवरून डीसी परत आणला, किंवा एखाद्या डीसीचं घड्याळ उडी मारून पुढे गेलं आणि त्याने टूमस्टोन वेळेआधीच साफ केले, तरी हेच घडतं.

मग एकदा काढल्यावर पुन्हा का येतं

उरलेली नोंद त्या डीसीवर निपचित पडून असते, कारण रेप्लिकेशनमध्ये (डीसींच्या आपसांतल्या देवाणघेवाणीत) फक्त बदल जातात आणि तिच्यात बदल होत नसतो. कुणी तिचं एखादं ॲट्रिब्यूट बदललं की ती हलते. शेजारच्या डीसीकडे तो बदल येतो, पण ज्या नोंदीत तो करायचा ती नोंदच तिथे नसते. इथे दोन वागणुकी आहेत. ढिल्या पद्धतीत शेजारी म्हणतो, 'मग सगळी नोंदच दे', आणि ती घेऊन पुढे पसरवतो. लॉगमध्ये १३८८ क्रमांकाची नोंद होते आणि मेलेलं खातं फॉरेस्टभर जिवंत होतं. कडक पद्धतीत शेजारी त्या डीसीकडून त्या पार्टिशनचं रेप्लिकेशनच थांबवतो आणि १९८८ लिहितो. विंडोज सर्व्हर २००३ किंवा पुढच्या आवृत्तीवर नव्याने उभ्या केलेल्या फॉरेस्टमध्ये कडक पद्धत डीफॉल्ट असते. २०००वरून वर आलेल्या फॉरेस्टमध्ये ढिली राहिलेली असू शकते.

थेंबाथेंबाने नावं का येतात याचं उत्तर यात आहे. त्या एका डीसीवर अशा अनेक नोंदी असतात. ज्या नोंदीला धक्का लागेल तीच वर येते. तुम्ही ती एक काढता, बाकीच्या तिथेच असतात. कुणी त्या डीसीवर सगळ्यांचं ऑफिसचं नाव बदलणारी स्क्रिप्ट चालवली किंवा नवी ईमेल ॲड्रेस पॉलिसी लागू केली, तर ढीगभर जुनी नावं एका दिवसात येतील आणि दोष पॉलिसीवर जाईल.

अनेक डोमेनच्या फॉरेस्टमध्ये अजून एक अडचण असते. एक्स्चेंज पत्ते शोधतं ते ग्लोबल कॅटलॉगमध्ये, म्हणजे सगळ्या डोमेनच्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या डीसीवर, आणि तिथे दुसऱ्या डोमेनच्या नोंदींची फक्त वाचायची, अर्धवट प्रत असते. उरलेली नोंद त्या प्रतीत असेल तर ॲड्रेस लिस्टमध्ये नाव दिसतं, 'यूजर्स अँड कॉम्प्युटर्स'मध्ये शोधलं तर सापडत नाही, आणि नेहमीच्या रीतीने काढायला गेलं तर काढता येत नाही. माणूस एका डोमेनमधून दुसऱ्यात हलवला असेल तर जुनी आणि नवी दोन्ही नोंदी त्या कॅटलॉगमध्ये एकाच पत्त्यासह बसतात. बुटीबोरीचा ५.१.४ बहुधा इथून येतो.

कोणत्या डीसीवर आहे ते शोधा

आधी ज्या मेल सर्व्हरवरून मेल परत येतो, त्याच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये एक्स्चेंजची २०८० क्रमांकाची नोंद उघडा. तो सर्व्हर कुठल्या डीसी आणि कॅटलॉग सर्व्हरना ओळखतो, त्यांतले कुठले त्याच्याच साइटमधले, हे तिथे सरळ दिसतं. मग त्या प्रत्येक कॅटलॉग सर्व्हरला पोर्ट ३२६८वर एकेक करून तोच प्रश्न विचारा: 'प्रॉक्सी-ॲड्रेसेस'मध्ये हा पत्ता कुणाकडे आहे? पॉवरशेलमधली 'गेट-एडीऑब्जेक्ट' सर्व्हरचं नाव आणि पोर्ट देऊन चालवली तरी चालेल, एलडीपी हे टूल वापरलं तरी चालेल. एकाकडे दोन उत्तरं आणि बाकीच्यांकडे एक, असं दिसलं की जागा सापडली.

त्यानंतर सगळ्या डीसींच्या डिरेक्टरी सर्व्हिस लॉगमध्ये १९८८, १३८८ आणि २०४२ शोधा. १९८८बद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण इथे हमखास चुकीच्या सर्व्हरवर हात पडतो. ही नोंद लिहिणारा डीसी बरा असतो. त्याने नको असलेली नोंद नाकारली म्हणून तो ओरडतो आहे. आजारी तो, ज्याचं नाव त्या नोंदीत स्रोत म्हणून आहे. लाल शेरे दिसतात म्हणून बऱ्या डीसीला डिमोट करून (त्याचं डीसीपद काढून) नव्याने उभं केलं आणि तो त्याच आजारी स्रोतावरून भरला, तर होता तो चांगला भागही गेला. २०४२ म्हणजे 'या जोडीदाराशी बोलून मुदतीपेक्षा जास्त काळ झाला'. 'रेपॲडमिन' या रेप्लिकेशन तपासणाऱ्या कमांडच्या अहवालात तीच गोष्ट ८६१४ या एरर क्रमांकाने येते, आणि १९८८च्या जोडीला ८६०६ येतो.

साफसफाई

एकेक नोंद हाताने काढत बसू नका. 'रेपॲडमिन'मध्ये 'रिमूव्ह-लिंगरिंग-ऑब्जेक्ट्स' आहे. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: साफ करायचा डीसी, तुलनेसाठी घेतलेल्या चांगल्या डीसीचा जीयूआयडी आणि पार्टिशनचं नाव. तुलनेचा डीसी त्याच डोमेनचा, लिहिता येणारी प्रत बाळगणारा हवा. कॅटलॉगमधल्या वाचायच्या प्रतीही अशाच साफ होतात. तुलनेला त्या त्या डोमेनचा डीसी घ्यायचा.

पहिली फेरी 'ॲडव्हायझरी मोड' लावूनच करा. त्यात काहीही काढलं जात नाही. काय काढलं जाईल ते साफ होणाऱ्या डीसीच्या लॉगमध्ये १९४६ क्रमांकाखाली एकेक करून येतं आणि शेवटी १९४२मध्ये एकूण संख्या. ही यादी माणसाने वाचली पाहिजे. त्यात एखादं चालू खातं दिसलं तर थांबा. तुलनेसाठी घेतलेला डीसीच अपुरा असण्याची शक्यता आहे. यादी पटली की मोड काढून पुन्हा चालवा.

क्रम महत्त्वाचा आहे. ज्याच्याशी तुलना करणार तोच अस्वच्छ असेल तर त्याच्याकडची उरलेली नोंद कुठूनच निघणार नाही. म्हणून आधी त्या एका डीसीला बाकी प्रत्येक डीसीशी ताडून साफ करायचं, आणि मग बाकीच्यांना त्याच्याशी ताडायचं. डीसी दहाबारा आणि डोमेन तीनचार असतील तर जोड्या खूप होतात. अशा वेळी मायक्रोसॉफ्टचं 'लिंगरिंग ऑब्जेक्ट लिक्विडेटर' वापरा. तेच काम ते खिडकीतून, सगळ्या जोड्यांसाठी करतं.

२०४२मुळे अडलेलं रेप्लिकेशन सुरू करायला 'अलाऊ रेप्लिकेशन विथ डायव्हर्जंट अँड करप्ट पार्टनर' नावाची रजिस्ट्री व्हॅल्यू आहे. इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी ती पहिलाच उपाय म्हणून सांगितलेली आढळते. तिला १ करण्याची वेळ साफसफाई झाल्यानंतरची आहे, आणि एकदा रेप्लिकेशन झालं की लगेच ० करायची. कडक पद्धतही सगळ्या डीसींवर लागू करा, पण तीही साफसफाईनंतर. आधी केलीत तर जिथे जिथे उरलेल्या नोंदी आहेत तिथलं रेप्लिकेशन एकदम थांबेल.

आणि बंद पडलेला डीसी मुदतीपेक्षा जुना असेल, तर माझं मत ठाम आहे: तो सुरूच करू नका. डिरेक्टरीतून त्याचं मेटाडेटा (तो डीसी असल्याच्या खुणा) साफ करा, सर्व्हर फॉरमॅट करून नव्याने डीसी बनवा. रेप्लिकेशनला लागणारा वेळ साफसफाईपेक्षा बहुतेक वेळा कमी असतो.

हुबेहूब असंच दिसणारं दुसरं दुखणं

वरचं सगळं तपासलं, लॉगमध्ये १९८८ नाही, २०४२ नाही, 'रेपॲडमिन' सगळीकडे यशस्वी म्हणतो, आणि तरीही एका डीसीवर बनवलेली खाती दुसरीकडे येतच नाहीत. अशा वेळी विचारा की त्या डीसीच्या व्हर्च्युअल मशीनला कुणी जुन्या स्नॅपशॉटवर (साठवून ठेवलेल्या आधीच्या स्थितीवर) मागे नेलं का. स्नॅपशॉटने यूएसएन मागे जातो, पण जोडीदारांच्या तक्त्यात मोठा क्रमांक नोंदलेला असतो. समजा जोडीदाराने ५०,०००पर्यंत घेतलं आहे आणि हा डीसी ४०,०००वर परत आला. त्यानंतरचे १०,००० बदल जोडीदार 'हे माझ्याकडे आहेत' म्हणून मागतच नाही. एरर कुठेच नाही, माहिती मात्र कायमची वेगळी. विंडोजला हे लक्षात आलं तर २०९५ लिहिलं जातं, नेटलॉगन थांबतं आणि रजिस्ट्रीत 'डीएसए नॉट रायटेबल' ही व्हॅल्यू ४ होते. ती व्हॅल्यू पुसून डीसी चालू करण्याचा मोह टाळा; मतभेद तसाच राहतो. असा डीसी जबरदस्तीने डिमोट करून, मेटाडेटा साफ करून नव्याने बनवावा लागतो. विंडोज सर्व्हर २०१२पासून, आणि हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) जनरेशन आयडी देत असेल तर, डीसीला आपण मागे नेलो गेल्याचं कळतं आणि तो स्वतःची ओळख बदलून सुरक्षितपणे पुढे जातो. तरी डीसीचा बॅकअप म्हणजे सिस्टिम स्टेट; स्नॅपशॉट नव्हे.

साफ झाल्यावर

मुदत ६० असेल तर ती १८० करा. डीसीचं घड्याळ व्हर्च्युअल होस्टवरून नाही, डोमेनच्या पीडीसीवरून (वेळ पुरवणाऱ्या डीसीवरून) येतं आहे ना, ते 'डब्ल्यू-३२-टीएम'ने बघा. 'रेपॲडमिन'चा 'रेपल-समरी' अहवाल रोज सकाळी मेलवर येईल असं शेड्यूल करा आणि त्यातला 'लार्जेस्ट डेल्टा' हा रकाना वाचा. तो एक दिवस ओलांडला की त्याच दिवशी फोन करायचा. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: १७२२ म्हणजे फायरवॉलमध्ये पोर्ट १३५ किंवा ४९१५२ ते ६५५३५ बंद झालेले, ८५२४ म्हणजे डीएनएसमध्ये त्या डीसीची नोंद सापडत नाही.

मेलबॉक्स क्लाउडशी जोडलेले असतील तर एक काम उरतं. एन्ट्रा कनेक्ट हा क्लाउडशी सिंक करणारा प्रोग्रॅम दर ३० मिनिटांनी तुमच्या डीसीवरून वाचतो, त्यामुळे जिवंत झालेलं खातं तिकडेही पोचलेलं असू शकतं, आणि चालू कर्मचाऱ्याचा पत्ता 'डुप्लिकेट' म्हणून बाजूला ठेवला गेलेला असू शकतो. इकडची नोंद निघाल्यावर पुढच्या सिंकनंतर क्लाउडच्या ॲडमिन सेंटरमध्ये त्या माणसाचे सगळे पत्ते परत जागेवर आले का ते बघा. मग ऑफलाइन ॲड्रेस बुक हाताने अपडेट करा आणि प्रत्येक साइटमधून, ब्राउझरमधूनच, त्या पत्त्यावर एकेक मेल पाठवून पाहा.